पासवरचा प्रवासी

पुंडलिकराव खिडकीजवळ बसले होते, पण त्यांना बसलेले म्हणणे जरा धाडसाचेच होते. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिले, दोनदा आसनाचा पट्टा सैल केला, आणि दार नीट लागले की नाही ते बघायला एकदा तर अर्धे उठलेसुद्धा.

"अवो, बसा ना चूप," लीलाबाई म्हणाल्या. "दार त्याचं त्याचं लागते. थो डायव्हर बसला आहे ना समोर."

"डायव्हर गाडी चालवीन का दार पाहीन?" पुंडलिकरावांनी आवाज खाली आणला, जणू एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगायची होती. "या गाडीले कंडक्टरच नाही, प्रेरणाची माय! एकवीस माणसं, अन् त्याईले विचारणारं कोणी नाही."

दारव्हा आगारात तेहेतीस वर्षे कंडक्टरकी करून पुंडलिकराव आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, एवढेच. रोज संध्याकाळी ते दारव्ह्याच्या स्टँडवर जाऊन उभे राहत आणि कुणाला यवतमाळची, कुणाला दिग्रसची गाडी दाखवत. गर्दीच्या गाडीत म्हाताऱ्यांना आधी चढवत. त्यांच्या जोडीला वर्षानुवर्षे गाडी चालवणारे युनूसभाई चहा पिताना म्हणत, "पुंडलिकभाऊ, गाडी मी चालवत होतो, पन हलवत तुमी होते." आणि ते खरेच होते. कंडक्टरच्या घंटीचा एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ते दोन टोले पडल्याशिवाय युनूसभाईंनी कधी गिअर टाकला नाही.

मुलगी प्रेरणा मेलबर्नला नर्स होती. आईवडील दीड महिन्यासाठी आले, तेव्हा तिने त्यांना समुद्रकाठच्या प्रसिद्ध रस्त्याची एक दिवसाची सहल घेऊन दिली. तिला स्वतःला ड्यूटी होती. सकाळी साडेसातला दोघांना पांढऱ्या गाडीत बसवताना ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही पॅसेंजर आहात. नुसतं बसायचं."

नुसते बसणे हीच तर पंचाईत होती.

गाडीत जगभरातली माणसे होती. जर्मनीची तरुण पोरेपोरी, चिली देशातल्या दोन हसऱ्या बहिणी, आयर्लंडचे एक लालबुंद कुटुंब. शेवटून दुसऱ्या रांगेत कोरियाची एक वयस्क बाई एकटीच होती, डोक्यावर जांभळी टोपी आणि मांडीवर संत्र्यांची पिशवी. पुंडलिकरावांच्या शेजारच्या ओळीत बिनिता नावाची नेपाळी विद्यार्थिनी बसली होती. तिला हिंदी येत होती, म्हणून या दोघांचा जीव भांड्यात पडला होता. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. त्याचे नाव ग्लेन. एवढ्या गार वाऱ्यात अर्धी चड्डी घालून तो तोंडापुढच्या माईकमध्ये अखंड बोलत होता.

डाव्या हाताला समुद्र उघडला. निळा, मग हिरवा, मग काठाशी पांढरा. रस्ता डोंगराला चिकटून वळणे घेत होता आणि गाडीतले सगळे एकदम "ओऽऽ" म्हणाले. पुंडलिकराव मागे बघत होते.

"समुद्राकडं पाहा ना," लीलाबाई म्हणाल्या. "पोरीनं कायले पाठवलं इतकं?"

"पाहून राह्यलो ना."

"तुमी माणसं पाहून राह्यले."

पहिला थांबा रस्त्यावर उभारलेल्या मोठ्या लाकडी कमानीपाशी होता. फोटो झाले, माणसे परत चढली. ग्लेनने समोरूनच हवेत बोट नाचवत मोजणी केली आणि त्याची वीस भरली. पुन्हा मोजले तर बावीस. तो खांदे उडवून हसला आणि चावी फिरवायला वाकला.

पुंडलिकरावांना हे बघवेना. लीलाबाईंनी सदऱ्याची बाही धरेपर्यंत ते मधल्या वाटेत पोचलेही होते. प्रत्येक आसनाच्या पाठीला हात लावत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि तसेच मोजत परत आले. एकवीस. खिशातून पाच रुपयांचे जुने जाड नाणे काढले आणि दाराजवळच्या लोखंडी दांड्यावर वाजवले. टिंग टिंग.

ग्लेनने आरशातून पाहिले. बिनिताने हसत हसत त्याला सगळे समजावले. हे अंकल भारतात बसमध्ये कंडक्टर होते, एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ग्लेनला ते फारच आवडले. त्याने माईकवरून जाहीर केले, की आज आपल्या गाडीला कंडक्टर मिळाला आहे आणि त्याची घंटी झाल्याशिवाय मी हलणार नाही. टाळ्या पडल्या. मात्र गाडी चालू असताना कुणी उठायचे नाही, हा इथला कायदा आहे, तो कंडक्टरलाही लागू आहे, हेही त्याने सांगितले.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर तेच. पुंडलिकराव आसनांना हात लावत जायचे, यायचे, टिंग टिंग वाजवायचे. चिलीच्या बहिणी टाळ्या वाजवायच्या. पुंडलिकरावांच्या जिवाची तगमग थोडी कमी झाली, पण समुद्र मात्र अजून त्यांनी धड पाहिला नव्हता.

दुपारी एका लहानशा गावात जेवायला थांबले. बाकीचे मासे खायला गेले. लीलाबाईंनी समोरच्या हिरवळीवर डबा उघडला, पोळ्या आणि जवसाची चटणी. जांभळ्या टोपीवाली बाई जवळच एकटी बसली होती. लीलाबाईंनी तिला पोळीचा तुकडा दिला, तिने लीलाबाईंना संत्रे सोलून दिले. दोघींना एकमेकींच्या भाषेतले एक अक्षर कळत नव्हते, तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या.

"संत्रं बरं आहे," लीलाबाई बिनिताला म्हणाल्या, "पन आमच्या इकडल्या संत्र्याची सर नाही. पन तिले नको सांगू."

बिनिताने पुंडलिकरावांना विचारले, "अंकल, इतने साल में कभी कोई पॅसेंजर छूटा?"

"तेहेतीस साल," पुंडलिकराव ताठ बसले. "एक भी नहीं."

"एक सोडून," लीलाबाई म्हणाल्या.

"आता थे कायले काढतं?"

"काहून नाही काढू? आयक बिनिता." आणि लीलाबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत गोष्ट सांगितली. लग्नाला आठ दिवस झाले होते. वणीला मावशीकडे जायचे होते, म्हणून नवऱ्याच्याच गाडीत बसल्या. मारेगावच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा तांब्या घेऊन नळावर गेल्या. नवऱ्यालाच तहान लागली होती. तांब्या भरून वळतात, तर दोन टोले पडलेले आणि गाडी रस्त्याला लागलेली. पिशवी गाडीत, पैसे पिशवीत. ओळखीचे कुणी नाही. नवी नवरी हातात भरलेला तांब्या घेऊन अडीच तास बाकड्यावर बसली.

"मुझे छोड के गये," लीलाबाई म्हणाल्या, "अन् वणीपर्यंत पत्ता नाही याईले!"

"त्रेचाळीस तिकिटं होते," पुंडलिकराव बिनिताला समजावू लागले. "डोके मोजले, त्रेचाळीस. हिशेब बरोबर. ये पास पे थी ना, घरवालों का पास. उसका टिकट नहीं. मोजणीत पास धरायचा राह्यला, बस."

"चाळीस वर्षं झाले, हेच सांगून राह्यले," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा बंद केला. "हिशेब बरोबर होता म्हणे."

बिनिता हसली. पुंडलिकरावही हसले, पण त्यांना पुन्हा चुळबुळ सुटली आणि वेळेच्या दहा मिनिटे आधीच ते गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

दुपारनंतर समुद्रात उभे असलेले ते उंच सुळके आले, ज्यांच्यासाठी सगळे जग इथे येते. नावात बारा आहेत, पण तिथे बारा कधीच नव्हते, ग्लेनने सांगितले, आणि एकेक करून कोसळतही आहेत, तेव्हा कृपा करून मोजू नका. पुंडलिकरावांनी अर्थातच मोजले. "बारा सांगायचे अन् आठ दाखवायचे!" ते लीलाबाईंना म्हणाले. "आपल्या आगारात असा हिशेब दिला असता तर घरी बसवलं असतं."

शेवटचा थांबा जवळच होता. दोन कड्यांमधून आत आलेला समुद्र आणि खाली उतरायला पायऱ्या. दीडशे वर्षांपूर्वी इथे एक जहाज फुटले होते आणि त्यातली दोनच माणसे जगली होती. लीलाबाईंचे गुडघे बोलू लागले होते, म्हणून त्या गाडीतच डोळे मिटून पडल्या. पुंडलिकराव खाली जाऊन आले ते धापा टाकतच. वाहनतळावर त्यांच्या गाडीला लागून अगदी तशीच दुसरी पांढरी गाडी उभी होती, त्याच कंपनीची. वारा सुटला होता. साडेचार वाजून गेले होते आणि ग्लेन घड्याळ बघत होता.

माणसे चढली. चिलीच्या बहिणींनी फोन वर धरला. त्यांना पुंडलिकरावांचा व्हिडिओ काढायचा होता. त्यांनी खुणेने सांगितले, इथेच उभे राहा, उजेड चांगला आहे, नाणे जरा वर धरा. पुंडलिकराव दांड्याशी उभे राहिले. छाती पुढे निघाली. या वेळी ते मागेपर्यंत गेले नाहीत. जागेवरूनच नजर फिरवत डोकी मोजली, शेवटचे डोके मोजताना कॅमेऱ्याकडे बघून हसलेसुद्धा. एकवीस.

टिंग टिंग.

गाडी निघाली. थोड्या वेळात रस्ता समुद्र सोडून आत वळला. गवताची कुरणे, गाई, तारेची कुंपणे. गाडीत पेंग उतरली, ग्लेनही बोलायचा थांबला.

एका वळणावर काहीतरी गडगडत आले आणि पुंडलिकरावांच्या बुटाला लागून थांबले. संत्रे.

त्यांनी ते उचलले आणि द्यायला म्हणून मागे वळले. शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी, करड्या जॅकेटची टोपी तोंडावर ओढून कुणीतरी झोपले होते. लांब तंगड्या पुढच्या आसनाखाली गेलेल्या. त्या तंगड्यांजवळ संत्र्यांची पिशवी कलंडली होती.

जांभळी टोपी कुठेच नव्हती.

पुंडलिकरावांनी पहिल्या रांगेपासून पुन्हा सुरुवात केली. जर्मन पोरे, आयर्लंडचे बापलेक, बिनिता, चिलीच्या बहिणी. कदाचित बाईने जागा बदलली असेल. कदाचित खाली वाकली असेल. एकवीसच भरत होते. पण हा करड्या टोपीचा पोरगा कुठून चढला होता? सकाळपासून कोण कुठे बसले, कुणी कुठे काय घेतले, सगळे त्यांना पाठ होते. हा त्यांच्या गाडीचा नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या तशाच गाडीचा होता, चुकून इकडे चढला आणि झोपला.

ते पट्ट्याशी झगडले, मग थांबले. उठायचे नाही, ग्लेनने दोनदा सांगितले होते. आणि उठून सांगायचे काय? की ज्या कंडक्टरला तुम्ही सकाळपासून टाळ्या दिल्या, त्याने व्हिडिओसाठी उभे राहून मोजणी केली? दुसरी गाडी तिथे आहेच, ते लोक बघतील तिला. ग्लेन उतरताना बघेलच. हे सगळे त्यांनी मनात नीट मांडले आणि त्यातले काहीही त्यांना पटले नाही. संत्रे या हातातून त्या हातात जात राहिले. खिडकीबाहेर एकेक कुंपण मागे पडत होते, आणि प्रत्येक कुंपणागणिक ती बाई दूर राहत होती.

"काय झालं?" लीलाबाई जाग्या झाल्या. "काहून चुळबुळ करून राह्यले?"

त्यांनी नुसते संत्रे पुढे केले. लीलाबाईंनी मागे वळून पाहिले.

"टोपीवाली बाई कुठं आहे?"

"मोजले होते मी," पुंडलिकराव म्हणाले. "एकवीस भरले."

लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मारेगावलेही भरलेच होते."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. पुंडलिकरावांनी पट्टा सोडला. उठून दोन पावलांत दांड्यापाशी गेले आणि नाणे वाजवले. एकदाच.

टिंग.

मागून कुणीतरी हसले. चिलीची एक बहीण सवयीने टाळी वाजवू लागली. ग्लेनने आरशात पाहिले, तोंड उघडले, रागवायलाच असणार. मग त्याला पुंडलिकरावांचा चेहरा दिसला. एक टोला म्हणजे काय ते त्याने सकाळीच शिकून घेतले होते. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

"बिनिता, इसको बोल," पुंडलिकराव म्हणाले. "एक औरत पीछे रह गयी. गलती मेरी है. मैंने गिनती ठीक से नहीं की. पहले ये बोल, बाकी बाद में."

करड्या टोपीच्या पोराला उठवले. तो डोळे चोळत इकडेतिकडे बघू लागला आणि चूक कळताच कानापर्यंत लाल झाला. ग्लेनने यादी काढली, कोरियन बाईचा फोन लावला, तर तो संत्र्यांच्या पिशवीतच वाजला. मग दुसऱ्या गाडीच्या चालकाला फोन झाला. ग्लेनने कपाळावरून हात फिरवला. शेवटची मोजणी माझी असायला हवी होती, तो बिनिताला म्हणाला, आणि त्याने गाडी वळवली.

परतीची ती पंधरा मिनिटे पुंडलिकराव बसले नाहीत. कायदा होता, तरी ग्लेन काही बोलला नाही. दांडा धरून ते काचेतून पुढे बघत राहिले. समुद्र पुन्हा दिसू लागला, तेव्हा आज पहिल्यांदाच त्यांनी तो नीट पाहिला. केवढा मोठा होता! आणि काठावर एखादे माणूस केवढे लहान दिसले असते.

ती बाकड्यावर बसली होती. टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, पाठ ताठ. दुसऱ्या गाडीचा चालक शेजारी उभा होता आणि तिला काहीबाही सांगत होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

पुंडलिकराव उतरले आणि तिच्यासमोर जाऊन त्यांनी हात जोडले. ग्लेन वाकून माफी मागत होता. तेवढ्यात लीलाबाई गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी उतरत आल्या आणि बाकड्यावर तिच्या शेजारी बसल्या.

"चला म्हणून राह्यले सगळे," पुंडलिकराव म्हणाले.

"थांबा. जरा बसू द्या तिले. एकदम नाही उठता येत." लीलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. "मले माहीत आहे."

बाईने काहीतरी म्हटले. लीलाबाईंनी स्वतःकडे बोट करून सांगितले, "लीला." बाईने स्वतःकडे बोट केले, "सुनजा." मग दोघी उठल्या.

पुंडलिकरावांनी नाणे लीलाबाईंच्या हातात दिले. "हे धर. मी नाही वाजवत आता."

करड्या टोपीचा पोरगा आपल्या गाडीत गेला आणि ती गाडी निघूनही गेली. पुंडलिकराव प्रत्येक आसनाला हात लावत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. तरी समाधान होईना. ते पुन्हा खाली उतरले. बाकड्यामागे पाहिले, स्वच्छतागृहाच्या वाटेकडे पाहिले, पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन खाली वाकून पाहिले. कुणी नव्हते.

मागे आवाज झाला. टिंग टिंग.

दार फस्सकन लागले आणि गाडी हलली.

पुंडलिकराव वळले, तेव्हा ती दहा-बारा पावले पुढे गेली होती. "ए!" ते ओरडले, पण वाऱ्याने आवाज भलतीकडे नेला. खिशात हात घातला. फोन गाडीत, पाकीट लीलाबाईंच्या पर्समध्ये. समोर रिकामा वाहनतळ, खाली समुद्राचे धपधप आपटणे. इथली भाषा येत नाही, गावाचे नावही धड सांगता येणार नाही. ते बूट आपटत धावत सुटले.

गाडी थांबली. दार उघडले. दारात लीलाबाई दांडा धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागे बिनिता तोंडावर हात दाबून हसू आवरत होती आणि ग्लेन समोर बघत निष्पाप चेहरा करून बसला होता.

"एकवीस... मोजले नाही?" पुंडलिकराव धापा टाकत म्हणाले.

"वीस भरले. तिकिटाचे तेवढेच," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी पासवर होते."

पुंडलिकराव एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले. पण माझंही तिकीट पोरीनं काढलं होतं, हे वाक्य जिभेच्या टोकावर आले होते. ते त्यांनी गिळले.

"मारेगावले," ते म्हणाले. "मारेगावले मी चुकलो. हिशेबाचं सोड. मी वळून पाहाले पायजे होतं."

लीलाबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून पुढे केली.

"घ्या. चाळीस वर्षं झाले, तहान लागली असन. पाणी प्या अन् बसा."

ते बसले. गाडी रस्त्याला लागली. पट्टा लावून पाच मिनिटे होतात न होतात, तोच पुंडलिकरावांनी मागे वळून पाहिले. शेवटून दुसऱ्या रांगेत जांभळी टोपी खिडकीला टेकली होती.

या वेळी लीलाबाईंनी त्यांना टोकले नाही. त्याही वळून बघत होत्या.